ओडिन, थॉर, फ्रेया यांचे आजचे उपासक: हीदन धर्म, त्याची नीती आणि राजकारण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ओडिन, थॉर, फ्रेया या उत्तर युरोपातल्या जुन्या देवांची आजही पूजा होते हे कळलं की मराठी माणूस आधी चकित होतो आणि मग एकामागून एक प्रश्न विचारतो. त्यातले नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. मी स्वतः हीदन नाही. बरीच वर्षं या विषयाचा अभ्यास करतो आहे आणि त्यांच्यात पाहुणा म्हणून वावरलो आहे. पण मी तटस्थही नाही. या देवांच्या नावावर वंशद्वेष खपवला जातो याची मला चीड आहे, आणि ती खाली ठिकठिकाणी दिसेल.

हीदन म्हणजे नेमके कोण?

ख्रिस्ती धर्म येण्याआधी स्कँडिनेव्हिया, जर्मनी आणि इंग्लंडमध्ये जर्मानिक भाषा बोलणारे लोक जे देव पूजत, त्यांची आज नव्याने उपासना करणारे लोक. आइसलँडमध्ये या धर्माला ‘आसात्रू’ म्हणतात, डेन्मार्क-स्वीडनकडे ‘जुनी रीत’ अशा अर्थाची नावं आहेत. अनेक देव, पूर्वज आणि जागोजागीचे राखणदार अशा तिघांशी नातं ठेवायचं, हा गाभा. सर्वांना बांधून ठेवणारा एक धर्मग्रंथ नाही, पीठ नाही, जगभराचा एक प्रमुख नाही. त्यामुळे ‘हीदन लोक असं मानतात’ असं सुरू होणाऱ्या कुठल्याही वाक्याला अपवाद निघतोच, खालच्या उत्तरांनाही.

ही परंपरा सलग चालत आली आहे का?

नाही, आणि प्रामाणिक हीदन तसा दावाही करत नाहीत. इ. स. १००० च्या सुमारास आइसलँडच्या आल्थिंग या लोकसभेत जुने आणि नवे धर्मवाले हातघाईवर आले. निवाडा थोर्गेर या माणसावर सोपवला गेला. तो स्वतः जुन्या धर्माचा. सगळा देश एका कायद्याखाली राहिला नाही तर शांतता मोडेल, असं म्हणून त्याने सर्वांनी बाप्तिस्मा घ्यावा असा निर्णय दिला. निर्णयाआधी तो एक दिवस आणि एक रात्र पांघरुणाखाली गप्प पडून होता, असं जुनी बखर सांगते. घरात गुपचूप बळी द्यायची मुभा सुरुवातीला राहिली, काही वर्षांत तीही गेली.

पुराणकथा टिकल्या त्या पुढे ख्रिस्ती लेखकांनी उतरवून ठेवल्या म्हणून. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने १२२० च्या सुमारास ‘गद्य एड्डा’ हा देवकथांचा ग्रंथ रचला. देवांविषयीच्या कवितांचं मुख्य हस्तलिखित १२७० च्या आसपासचं. म्हणजे आजचा हीदन धर्म ही पुनर्रचना आहे: कविता, सागा (जुन्या गद्यकथा), उत्खननं, गावांची नावं आणि लोककथा यांतून जुळवत आणलेली. जिथे पुरावा संपतो तिथे उपासक स्वतःचा अनुभव धरून चालतात. ‘हे ग्रंथात आहे’ आणि ‘हे मला जाणवलं’ यांत फरक करायची त्यांची शिस्त मला फार आवडते. नव्या माणसाने आपला अनुभव प्राचीन म्हणून सांगितला, तर जुनी मंडळी लगेच हटकतात.

मग आजचा धर्म सुरू कधी झाला?

तुकड्यातुकड्यांनी, अनेक देशांत. पण सांगण्यासारखी गोष्ट आइसलँडची. १९७२ च्या एप्रिलमध्ये, तिथल्या पंचांगाप्रमाणे उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी, काही मित्रांनी आसात्रू संघटना स्थापली. पुढारी होता स्वेनब्यर्न बेनटेनसन: मेंढ्या पाळणारा शेतकरी, कवी आणि ‘रीमुर’ ही जुनी पदं चालीवर म्हणणारा गायक. नोंदणीसाठी मंडळी मंत्र्यांना भेटून आली आणि थोड्याच वेळात राजधानी रेक्याविकवर वीज कोसळून शहराच्या मध्यभागातले दिवे गेले, असं सांगतात. थॉर विजेचा देव, त्यामुळे ही आठवण तिथे आजही हसत हसत सांगितली जाते. बिशपांचा विरोध असूनही १९७३ मध्ये सरकारने मान्यता दिली.

आज या संघटनेचे सभासद पाच हजारांहून अधिक आहेत. लोकसंख्या चार लाखांच्या आत असलेल्या देशात हा आकडा लहान नाही. तिच्या पुरोहितांना, म्हणजे ‘गोदी’ मंडळींना, कायदेशीर लग्न लावता येतं. रेक्याविकमधल्या एका टेकडीवर मंदिराचं बांधकाम २०१५ मध्ये सुरू झालं आणि पुढे बरंच रेंगाळलं. डेन्मार्कमधल्या संघटनेला २००३ मध्ये मान्यता मिळाली.

हे लोक खरोखर देव आहेत असं मानतात की हे सगळं प्रतीक आहे?

दोन्ही प्रकारचे लोक एकाच पंगतीत बसतात. आइसलँडच्या संघटनेचे २००३ पासूनचे प्रमुख, संगीतकार हिल्मर अर्न हिल्मरसन, या कथांकडे निसर्गाच्या आणि मनाच्या शक्तींची काव्यमय रूपं म्हणून पाहतात. अमेरिकेत आणि युरोपात इतरत्र मात्र देव स्वतंत्र, जिवंत व्यक्ती आहेत असं ठामपणे मानणारे भरपूर भेटतात. श्रद्धेची परीक्षा कुणी घेत नाही. तुम्ही काय मानता यापेक्षा काय करता आणि दिलेला शब्द पाळता का, याकडे लोकांचं लक्ष असतं.

सिनेमातला सोनेरी केसांचा थॉर इथला नव्हे. कथांमधला थॉर लाल दाढीचा, खादाड, रागीट आणि सामान्य शेतकऱ्याचा पाठीराखा आहे.

पूजा कशी करतात?

मुख्य विधी ‘ब्लोट’. जुन्या काळी त्यात पशुबळी असे. आजच्या बहुतेक गटांत मध किंवा धान्यापासून केलेलं पेय, भाकरी, फळं वाहतात. आइसलँडची संघटना पशुबळी देत नाही.

उघड्यावर, वाऱ्यात गोल करून माणसं उभी असतात. गोदी आधी मोठ्याने ‘इथे शांतता आहे’ अशी घोषणा करतो. त्या क्षणापासून विधी संपेपर्यंत भांडण, शिवीगाळ, जुना हिशोब काहीही काढायचं नाही. मग एड्डामधली कडवी म्हटली जातात आणि पेयाने भरलेलं शिंग हातोहात फिरतं. ज्याच्या हाती शिंग येईल तो देवाचं, पूर्वजाचं किंवा त्या भूमीचं नाव घेतो, घोट घेतो, थोडं जमिनीवर ओततो आणि शेजाऱ्याकडे देतो. शिंग नीट धरायला शिकावं लागतं. टोक वर झालं की हवा आत शिरते आणि सगळं पेय एकदम तोंडावर येतं. लहान मुलं याच क्षणाची वाट पाहत असतात. नंतर सगळे एकत्र जेवतात.

दुसरा विधी ‘सुम्बेल’, बसून करायचा. बहुधा तीन फेऱ्या होतात: पहिली देवांसाठी, दुसरी पूर्वजांसाठी, तिसरीत माणूस स्वतःविषयी बोलतो. केलेलं काम अभिमानाने सांगतो किंवा पुढच्या कामाची शपथ घेतो. सभेसमोर घेतलेली शपथ मोडली तर त्याचा भार ऐकणाऱ्या सगळ्यांवर येतो, अशी समजूत आहे. म्हणून कुणी उगाच मोठी शपथ घ्यायला लागला तर यजमान तिथल्या तिथे विचारतो: हे तुला झेपेल का? कधीपर्यंत? नाही जमलं तर भरपाई काय देशील? मला या पंथातली नीती सगळ्यात स्पष्ट दिसली ती या चौकशीत.

दहा आज्ञांसारखं काही आहे का? नीती येते कुठून?

आज्ञा नाहीत. ‘नऊ उदात्त गुण’ अशी एक यादी सगळीकडे दिसते (धैर्य, सत्य, मान वगैरे), पण ती १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये तयार झालेली. अनेक हीदन तिला फारसं महत्त्व देत नाहीत, आणि मलाही ती फारच गुळगुळीत वाटते.

खरं खाद्य ‘हावामाल’ या कवितेत आहे. हे ओडिनच्या तोंडचे बोल, पण सुरुवात होते दारात उभ्या असलेल्या पाहुण्यापासून. डोंगर ओलांडून आलेल्याचे गुडघे गारठलेत, त्याला शेकोटी हवी. मग पाणी, पंचा, जेवण, कोरडे कपडे आणि दोन गोड शब्द. पाहुण्यालाही धडे आहेत: दारू बेताने प्या, कमी बोला, मुक्काम लांबवू नका, नाहीतर आवडता पाहुणाही नकोसा होतो. मैत्रीला मोठ्या देणगीची गरज नसते, अर्धी भाकरी आणि तळाशी उरलेलं पेय वाटून घेतलं तरी मित्र मिळतो, असंही ओडिन सांगतो.

देणं-घेणं हा या नीतीचा कणा. दिलेल्या भेटीला परतभेट हवी, आणि देवांशीही हेच नातं. त्यात लाच नाही. देतो म्हणून संबंध राहतो आणि संबंध आहे म्हणून देतो. आपल्याकडे आहेर आणि परतीचा आहेर यांतून घरं एकमेकांशी बांधलेली राहतात, तसंच. ओडिन पुढे बजावतो की अति मागण्यापेक्षा, अति वाहण्यापेक्षा न मागितलेलं बरं.

याच कवितेत एक कडवं आहे: लंगडा घोड्यावर बसू शकतो, हात नसलेला गुरं हाकू शकतो, बहिरा लढू शकतो, आंधळा असणं चितेवर जाण्यापेक्षा बरं, मढं कुणाच्या कामाचं नाही. ‘दुर्बळांना जगायचा हक्क नाही’ असं या देवांच्या नावाने बोलणाऱ्यांना मी हे कडवं वाचून दाखवतो.

पण देव तर स्वतःच शब्द मोडतात ना?

मोडतात. ओडिन फसवतो, वेष पालटतो, शपथा मोडतो. फेनरिर या लांडग्याला बांधताना देवांनी खोटा भरवसा दिला आणि त्याची किंमत टीर या देवाने आपला उजवा हात देऊन चुकवली. हे देव निर्दोष नाहीत आणि सर्वशक्तिमानही नाहीत. रॅग्नारोकच्या, म्हणजे जगबुडीच्या युद्धात आपला शेवट होणार हे ओडिनला माहीत आहे, तरी तो तयारी थांबवत नाही. म्हणून हीदन माणूस देवांकडून नियमावली मागत नाही. कृतीला परिणाम असतो आणि तो टळत नाही, हे तो त्यांच्याकडून शिकतो. टीरला हात परत मिळत नाही.

हे नाझींचे देव ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो अयोग्य नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियाच्या गिडो फॉन लिस्टसारख्या लोकांनी रून अक्षरं, जर्मन वंश आणि गूढविद्या यांची खिचडी केली. पुढे हिटलरच्या हिमलर या सहकाऱ्याने एसएस या नाझी दलाच्या गणवेशावर रून चढवले आणि १९३५ मध्ये ‘आनेनएर्बे’ ही संस्था काढून वंशश्रेष्ठत्वाला प्राचीनतेचा मुलामा दिला. हिटलरला स्वतःला जुन्या देवांच्या नादी लागलेले लोक हास्यास्पद वाटत, आणि रूनांचे काही स्वतंत्र अभ्यासक छळछावणीतही गेले. पण एवढ्यावर हात झटकता येत नाहीत. युद्धानंतर अमेरिकेत वाढलेल्या ओडिनवादात वंशवाद उघडपणे होता, आणि त्याची पाळंमुळं आजही जिवंत आहेत. ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेच्या संसदेत घुसलेल्या शिंगांच्या टोपीवाल्याच्या छातीवर थॉरचा हातोडा आणि विश्ववृक्ष गोंदलेला जगाने पाहिला.

म्हणून ‘आमचा राजकारणाशी संबंध नाही’ असं म्हणून गप्प बसणाऱ्या गटांवर माझा विश्वास बसत नाही. जिथे दुसरा कुणी तुमच्या देवाचं नाव घेऊन माणसं मारतो, तिथे गप्प राहणं ही राजकीय भूमिकाच असते. हावामालच्या १२७ व्या कडव्यात म्हटलं आहे की वाईट दिसलं तर ते वाईट आहे असं बोल आणि शत्रूला शांतता देऊ नकोस. २०१६ मध्ये अनेक देशांतल्या शंभराहून अधिक हीदन गटांनी याच कडव्याचा आकडा घेऊन एक जाहीरनामा काढला आणि ‘आसात्रू फोक असेम्ब्ली’ या अमेरिकन संघटनेच्या वंशभेदी धोरणाशी आपला कसलाही संबंध नाही असं सांगितलं. याच संघटनेने मिनेसोटातल्या मर्डॉक या चिमुकल्या गावात जुनं चर्च विकत घेतलं आणि २०२० च्या अखेरीस गावच्या परिषदेकडून वापराचा परवाना मिळवला. गावकऱ्यांचा विरोध होता, पण कायद्यापुढे इलाज चालला नाही.

या देवांची पूजा करायला उत्तर युरोपीय रक्त लागतं का?

यावर हीदन समाज उभा दुभंगला आहे. ‘फोकिश’ म्हणवणारे म्हणतात की धर्म रक्तातून येतो. दुसरा पक्ष, ज्यात १९८७ मध्ये सुरू झालेली ‘द ट्रॉथ’ ही अमेरिकन संघटना आणि आइसलँडची मूळ संघटना येते, म्हणतो की ज्याला देव हाक मारतात तो आपला. मधल्या काही गटांना वंशाशी देणंघेणं नाही, पण आपला गट लहान आणि ओळखीचा असावा असं वाटतं.

रक्तवाद्यांची अडचण त्यांच्याच ग्रंथांत आहे. ओडिनची आई बेस्त्ला राक्षसकुळातली. थॉरची आई योर्दही तशीच. फ्रेयर हा देव राक्षसकन्या गेर्दच्या प्रेमात वेडा होऊन तिच्याशी लग्न करतो. बापाच्या मृत्यूचा जाब विचारायला शस्त्रं घेऊन आलेल्या स्काडी या राक्षसकन्येला देव सून करून घेतात. न्योर्द तर शत्रूच्या टोळीतून ओलीस म्हणून आला आणि पूजनीय झाला. इतकं सरमिसळ कुटुंब पूजायचं आणि दारात शुद्ध रक्ताचा दाखला मागायचा?

इतिहासही तेच सांगतो. जनुकीय अभ्यासांप्रमाणे आइसलँडमध्ये प्रथम वसलेल्या स्त्रियांपैकी अर्ध्याहून अधिक ब्रिटन-आयर्लंडकडच्या होत्या. स्वीडनमधल्या हेल्गो बेटावर १९५० च्या दशकात उत्खननात एक छोटी कांस्य बुद्धमूर्ती सापडली, सहाव्या शतकाच्या सुमारास काश्मीर-स्वातच्या बाजूला घडवलेली. ती तिथे कुणी पूजली असेल असं नाही, पण आपल्या बंद जगात राहणाऱ्यांच्या घरी ती पोहोचलीच नसती.

जन्म पाहून देवाचं दार बंद करणं म्हणजे काय, हे १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह आणि १९४७ चं साने गुरुजींचं पंढरपूरचं उपोषण ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला वेगळं समजवायची गरज नाही.

लोकमान्य टिळकांनी आर्यांचं मूळ उत्तर ध्रुवाकडे सांगितलं. मग हे आपलेच भाऊबंद का?

टिळकांचा तो ग्रंथ १९०३ चा, आणि तो हाती धरून हा प्रश्न हमखास विचारला जातो. भाषेचं नातं खरं आहे: मराठी आणि आइसलँडिक एकाच भाषाकुळातल्या. कथांतही साम्य आहे. इंद्र वज्राने वृत्राला मारतो, थॉर हातोडा घेऊन महासर्पाशी झुंजतो. पण ध्रुवीय मूळस्थानाचा सिद्धान्त आज अभ्यासक मानत नाहीत. या भाषांचं मूळ बहुतेक तज्ज्ञ काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशात शोधतात. आणि भाषेचं नातं म्हणजे रक्ताचं नातं नव्हे. ‘आपण सगळे आर्य’ म्हणत गळ्यात पडणाऱ्या युरोपीय माणसापासून सावध राहा. त्याच्या यादीत तुमचं नाव किती दिवस राहील याचा नेम नाही.

युद्धात मेल्यावर वल्हाला मिळतो ही शिकवण धोकादायक नाही का?

वल्हालाचा, म्हणजे मृत योद्ध्यांसाठीच्या ओडिनच्या महालाचा, बाजार फार झाला आहे. ग्रंथांप्रमाणे रणात पडलेल्यांपैकी निम्मे ओडिनकडे जातात आणि निम्मे फ्रेयाकडे. बाकी बहुतेक माणसं हेल या मृतांच्या राणीच्या घरी जातात, आणि ती काही नरकातली शिक्षा नाही. २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये मशिदींत नमाज पढणाऱ्यांवर गोळ्या झाडणाऱ्याने आपल्या पत्रकात वल्हालाचं नाव घेतलं होतं. ‘वोलुस्पा’ या कवितेत मृतांच्या किनाऱ्यावरची एक जागा वर्णिली आहे. छपरातून विष ठिबकतं, भिंती सापांच्या पाठींनी विणलेल्या आहेत, आणि जड प्रवाहातून शपथ मोडणारे आणि खुनी वाट काढत असतात. नि:शस्त्र माणसांना मारणाऱ्याची जागा कवीने कुठे ठरवली आहे हे यावरून कळतं.

स्त्रिया आणि समलिंगी लोकांबद्दल भूमिका काय?

मुख्य प्रवाहातल्या संघटनांत स्त्रिया पुरोहित असतात. आइसलँडची संघटना समलिंगी लग्नं लावते. तिची ही भूमिका गाजल्यावर २०१५ मध्ये तिला परदेशांतल्या हीदनांकडून द्वेषाची पत्रं आली, ‘आम्ही तुमच्याकडे येऊन खरा धर्म शिकवू’ अशा भाषेत. ओडिन सेइद ही बायकी समजली जाणारी विद्या शिकतो आणि थॉर हातोडा सोडवून आणायला नवरीचा वेष घेतो, या कथा त्या पत्रलेखकांनी बहुधा वाचल्या नसाव्यात.

व्हायकिंग समाज परत आणायचा आहे का?

विचारी हीदनांना नाही. त्या समाजात गुलामी होती, नको असलेली तान्ही मुलं उघड्यावर टाकत, आणि स्वीडनमधल्या उप्सालात माणसांचे बळी देत असं ब्रेमेनचा आडाम अकराव्या शतकात लिहून गेला आहे. देव घ्यायचे आणि गुलामी मागे ठेवायची, ही निवड उघडपणे करावी लागते. ‘पूर्वजांचं सगळं चांगलंच’ म्हणणारा माणूस पूर्वज वाचत नाही.

रून किंवा थॉरचा हातोडा गोंदवला तर चालेल का?

हातोडा हे सर्वमान्य चिन्ह आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या थडग्यांवर कोरण्यासाठी त्याला २०१३ मध्ये मान्यता मिळाली. काही रूनांबाबत मात्र जपून. ‘ओथाला’ हा रून एका अमेरिकन नाझी संघटनेने २०१६ मध्ये स्वस्तिकाऐवजी घेतला. ‘काळा सूर्य’ हे चिन्ह तर एसएसच्या वेवेल्सबुर्ग किल्ल्याच्या फरशीवरून आलेलं आहे, त्याला प्राचीन म्हणू नका. स्वस्तिक जुन्या स्कँडिनेव्हियन वस्तूंवर सापडतं, तरी बहुतेक हीदन ते वापरत नाहीत. जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर ते दारावर काढण्याआधी दहादा विचार करावा लागतोच.

युरोपात राहतो. ब्लोटचं आमंत्रण आलं आहे. जाऊ का? आपला देव सोडावा लागेल का?

काही सोडावं लागत नाही. हा धर्म प्रचार करत नाही आणि दुसऱ्या देवांना खोटं म्हणत नाही. जाण्याआधी गटाचे नियम वाचा आणि सरळ विचारा: तुमच्याकडे सगळ्यांना प्रवेश आहे का? उत्तर ‘वारसा’, ‘आपले लोक’ अशा शब्दांत फिरवून मिळालं तर जाऊ नका.

गेलात तर रिकाम्या हाताने जाऊ नका. घरी केलेलं काहीही चालतं, नेलेलं पंगतीत वाटलं जातं. शाकाहारी असाल तर आधी सांगा, बहुतेक ठिकाणी सोय करतात. दारू पीत नसाल तर शिंग नुसतं कपाळाला किंवा ओठांना लावून पुढे दिलं तरी चालतं, आणि सफरचंदाच्या रसाचं वेगळं शिंगही अनेकदा असतं. नाव कुणाचं घ्यावं सुचलं नाही तर आपल्या आजी-आजोबांचं घ्या. शपथेच्या फेरीत पहिल्या वेळी गप्प राहिलेलं उत्तम. फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आणि गरम कपडे घाला. विधी उघड्यावर असतो, आणि हिवाळी ब्लोट डिसेंबरच्या सर्वांत लांब रात्रीच्या आसपास येतो.